नवा ट्रेलर, जुनी सबब

ईस्टर जवळ आला की मेलबर्नच्या उपनगरांत घरापुढच्या ड्राइव्ह-वेवर नवेकोरे कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे घडीच्या तंबूचे ट्रेलर, उभे राहू लागतात. त्यात मराठी घरंही आता बरीच. सुट्टी चार दिवसांची, बेत ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांचा किंवा इचुकाला मरे नदीच्या काठाचा. ट्रेलर बुधवारी ताब्यात येतो आणि गुरुवारी संध्याकाळी रस्त्याला लागतो.

मग त्याची परीक्षा कधी झाली?

झालीच नाही. ती गुरुवारी रात्री होते, घरापासून दोन-अडीचशे किलोमीटरवर, अंधारात, पोरं भुकेली असताना. फ्रिज बंद पडलेला, पंप नुसता घरघरतोय, एक खांब कुठे बसतो ते कुणालाच कळत नाही. दुकान उघडणार मंगळवारी. आणि मंगळवारी मिळणारं उत्तर आजच सांगता येतं: ‘नवीन आहे ना, थोडं होतंच.’

हे ‘थोडं होतंच’ मला साफ नामंजूर आहे.

कारण त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी दडपल्या जातात. एक असते रुळण्याची कुरबूर. दुसरा असतो दोष. कुरबूर वापराने जाते, दोष वापराने वाढतो. विक्रेत्याचा फायदा दोषाला कुरबूर म्हणण्यात आहे. आपला फायदा दोन्ही ओळखण्यात आहे.

आधी कुरबुरी बघू. पहिल्या पावसात तंबूच्या शिवणीतून पाणी झिरपलं म्हणून लोक हवालदिल होतात. कॅनव्हासमध्ये सुती धागा असेल तर हे अपेक्षितच आहे. सुईने पाडलेली भोकं धागा भिजून फुगल्यावरच बुजतात. म्हणून नवा कॅनव्हास घरीच उभारायचा, होजपाइपने चिंब करायचा, पूर्ण वाळवायचा आणि हे दोन-तीनदा करायचं. यासाठी लागतं एक शनिवार-रविवारचं ऊन. ते न देता थेट डोंगरात गेलात, तर ते काम पाऊस करतो, तुमच्या गाद्यांवर.

दोन-तीनदा भिजवून वाळवूनही त्याच जागी धार लागली, तर ती कुरबूर राहिली नाही. शिवण चुकली आहे. फोटो काढा.

दुसरी ओरड छताची. पाऊस नाही, तरी पहाटे आतून ओलं. छत गळतंय? नाही. चार माणसं रात्रभर बंद तंबूत श्वास सोडतात, बाहेर थंडी असते, ती वाफ कापडावर जमते. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या की प्रश्न बराच सुटतो. थंडी वाजेल म्हणून खिडक्या बंद करणारेच सकाळी ओल्या पांघरुणात उठतात.

आणि ओला कॅनव्हास घडी करून तसाच ठेवू नका. निघताना इलाज नसेल तर घडी घाला, पण घरी पोचल्यावर लगेच उघडून वाळवा. बुरशी वॉरंटीत बसत नाही.

तिसरी गोष्ट चाकांची. नवं चाक बसतं, तसे नट किंचित सैल होतात. पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर थांबून टॉर्क रेंचने ते पुन्हा तपासायचे असतात. प्रत्येक थांब्यावर चाकाच्या मध्यभागी तळहात जवळ नेऊन बघायचं. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलं असेल, तर बेअरिंग किंवा ब्रेक काहीतरी सांगतोय. हे काम पाच मिनिटांचं आहे. निखळलेलं चाक मागून येणाऱ्या गाडीला पाच मिनिटं देत नाही.

इथवर कुरबुरी. त्या आपल्या. आता दोष.

फ्रिज घ्या. आमच्या ट्रेलरची पहिली फेरी आम्ही मुद्दाम बॅकस मार्शच्या बाजूला केली, घरापासून तासाभराच्या आत. रात्री फ्रिज बंद पडला. बॅटरी भरलेली, फ्रिज नवा. मग बिघाड कशात? मल्टिमीटर लावला तेव्हा उत्तर मिळालं: बॅटरीपाशी व्होल्टेज पुरेपूर, फ्रिजच्या प्लगपाशी चांगलं व्होल्टभर कमी. मधली वायर बारीक होती. बारा व्होल्टच्या कामात बारीक वायर लांबवर नेली की व्होल्टेज वाटेतच पडतं आणि फ्रिज स्वतःला वाचवायला बंद होतो.

विक्रेत्याचा पहिला सल्ला होता, फ्रिज बदलून बघा. बदलली वायर. फ्रिज तोच आहे आणि उत्तम चालतो.

यात ग्राहकाने जाणून घ्यावी अशी एक गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात वाहनांसाठी ‘सहा मिलिमीटर’ म्हणून विकली जाणारी वायर वरच्या प्लॅस्टिकसकट मोजलेली असते. आतल्या तांब्याचा छेद साधारण साडेचार चौरस मिलिमीटरच भरतो. आकडा सहाचा, तांबं साडेचाराचं. हे दुकानात कुणी आपणहून सांगतं का?

धुळीचंही तसंच. कच्च्या रस्त्यावर थोडी धूळ आत येणार, मान्य. पण स्वयंपाकाच्या कप्प्यात डाळीवर लाल थर बसत असेल, तर दाराचं रबर नीट टेकत नाही. एक कागद दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाला, तर धूळही तिथूनच येते. त्याला रुळणं म्हणत नाहीत. त्याला वाईट जोडकाम म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. वजन.

प्रत्येक ट्रेलरवर एक पत्र्याची पट्टी असते. तीवर कमाल वजन कोरलेलं असतं, बहुतेकदा रिकामं वजनही. समजा रिकामा १३०० किलो आणि कमाल १७००. हाती राहिले ४००. पाण्याची टाकी शंभर लिटरची, म्हणजे १०० किलो. नऊ किलोचा गॅस सिलिंडर भरल्यावर साधारण अठरा किलोचा होतो, ते दोन. चारशेतले जवळजवळ एकशे चाळीस किलो पोळपाट-लाटणं चढण्याआधीच गेले. मग फ्रिज, टेबल, खुर्च्या, सायकली, कुकर, तांदळाचा डबा, आणि ‘असू दे गं, लागेल’ म्हणून घेतलेलं सगळं.

शिवाय पट्टीवरचं रिकामं वजन ट्रेलर कारखान्यातून निघाला तेव्हाचं असतं. विक्रेत्याने नंतर बसवलेली छत्री, जादा बॅटरी, सोलर पॅनेल त्यात धरलेलं असेलच असं नाही. खरं वजन फक्त वजनकाटा सांगतो. पहिल्या फेरीला निघताना, पूर्ण भरलेल्या अवस्थेत, ट्रेलर काट्यावर न्या. खर्च किरकोळ आहे. वजन जास्त असताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, तो खर्च किरकोळ नसतो.

वजन किती याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के भार गाडीच्या टो-बॉलवर यावा, असा इथला सर्वमान्य ठोकताळा. जड सामान मागच्या टोकाला कोंबलं की पुढचा भार हलका होतो आणि हायवेवर ट्रेलर डुलू लागतो. एक ट्रक शेजारून गेला की पुरे.

डुलायला लागला तर काय करायचं? करकचून ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि ब्रेक कंट्रोलरने हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावायचे. हे प्रत्येक चालवणाऱ्याला निघण्याआधी ठाऊक हवं. नवराबायको आळीपाळीने चालवणार असतील, तर दोघांनाही.

ब्रेकचा नियमही पाठ असावा. ऑस्ट्रेलियात भरलेला ट्रेलर ७५० किलोच्या वर असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक हवेत. २००० किलोच्या वर सगळ्या चाकांना हवेत, आणि ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर ते आपोआप लागतील अशी सोयही हवी. नवे इलेक्ट्रिक ब्रेक रुळायला थोडा वेळ घेतात, ही कुरबूर. एका चाकाचा ब्रेक लागतच नाही, हा दोष. आणि असला दोष मंगळवारपर्यंत थांबत नाही.

गॅसबद्दल तर मला कुणाची समजूत काढायची नाही, बजावायचंच आहे. जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की सिलिंडर बंद, चहा बंद. तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही, कोळशाची तर मुळीच नाही, कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. त्याचा अलार्म मात्र उठवतो, तो विकत घ्या.

आता पुन्हा त्या मंगळवारच्या फोनकडे. पलीकडून सांगितलं जातं, ‘आमच्या हातात काही नाही, तुम्ही कारखान्याशी बोला.’ हे खरं आहे का?

नाही. १ जानेवारी २०११ पासून ऑस्ट्रेलियात लागू असलेला ग्राहक कायदा सांगतो की वस्तू विकणाऱ्याने स्वतः जबाबदारी घ्यायची. दोष छोटा असेल तर योग्य मुदतीत फुकट दुरुस्ती. मोठा असेल तर पैसे परत की नवी वस्तू, हे ग्राहकाने ठरवायचं. असुरक्षित वस्तू मोठ्या दोषातच मोडते. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अनेक छोटे दोष मिळूनही मोठा दोष ठरू शकतो.

म्हणजे ‘थोडं होतंच’ असं दहा वेळा ऐकवलं, तर त्या दहांची बेरीज करण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे.

हे एखाद्दुसऱ्या तक्रारखोर ग्राहकाचं रडगाणं नाही. इथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने जुलै २०२२ मध्ये नव्या कॅरव्हॅनच्या विक्रीवर अहवाल काढला. त्यासाठीच्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ८० टक्के मालकांनी आपल्या कॅरव्हॅनमध्ये काही ना काही समस्या आल्याचं सांगितलं. शंभरातल्या ऐंशींना भेटणारी गोष्ट ‘तुमच्याच नशिबी आली’ असं कसं म्हणता येईल?

तरीही आपली माणसं गप्प बसतात. वाद नको, संबंध बिघडायला नकोत, नवीन देशात उगाच कटकट कशाला. हजारो डॉलर मोजताना हा संकोच आड आला नव्हता. मग वस्तू नीट मागताना का यावा?

म्हणून क्रम बदला. ताबा घेताना दुकानातच ट्रेलर स्वतःच्या हाताने उघडा आणि स्वतःच मिटवा. विक्रेता करून दाखवतो तेव्हा फोनवर चित्रण करा. खांबांना रंगीत टेप लावा. मग एक रात्र घरापुढे झोपा. मग तासाभराच्या अंतरावरचा कॅम्प. मग थोडा कच्चा रस्ता. त्यानंतर खुशाल फ्लिंडर्स रेंजेसला जा, नलारबोर ओलांडा. ईस्टरची पहिली फेरी डोंगरातच हवी, हा हट्ट सोडा. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे दूरचं वाटत असेल, तर तेवढं दूर ते राहिलेलं नाही. राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. उद्या कोकणच्या घाटात घर ओढत न्यायचं झालं, तर वजन, ब्रेक आणि गॅसचे नियम पदार्थविज्ञानाचेच असणार. घाट देश बघून सवलत देत नाही.

पहिल्या फेरीला एक वही सोबत ठेवा. मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला कुरबुरी, उजव्या बाजूला दोष. डावी बाजू तुम्ही निस्तरा, तक्रार न करता. उजवी बाजू तारखेसह, फोटोंसह विक्रेत्याला पाठवा आणि उत्तरासाठी दिवस नेमून द्या. फोनवर बोलू नका, लिहा. उत्तर आलं नाही, तर ऑस्ट्रेलियातल्या आपल्या राज्याच्या ग्राहक खात्याकडे जा, तिथून लवादाकडे. कुरबुरीला वेळ द्यायचा असतो. दोषाला मुदत द्यायची असते.