ट्रॉम्बोनवाल्यांची वेगळी चूल

अहो, ऐकलंत का? ट्रॉम्बोनवाल्यांनी म्हणे वेगळी चूल मांडली! आठ जण, आठांच्या हातात ट्रॉम्बोन, आणि वाजवायचं काय, तर अख्ख्या ऑर्केस्ट्राचं. व्हायोलिनवाल्यांचे चेहरे असे पडले… "आता आमचंही हेच वाजवणार का?" म्हणाली त्यातली एक.

मी म्हणते, का नाही वाजवणार? बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीचं ठाऊकच आहे तुम्हाला. १८०८चा डिसेंबर, तिचा पहिलाच प्रयोग, व्हिएन्नातली ती थंडी, आणि तीन ट्रॉम्बोनवाले बिचारे तीन भाग गप्प बसून! चौथ्यात कुठे फुंकायला मिळालं. पुढे ब्राह्म्सनंही पहिल्या सिम्फनीत तेच केलं. माणसानं किती दिवस ऐकून घ्यायचं?

पण सोपं नाही हो ते. व्हायोलिनचं उंच सुरातलं जसंच्या तसं दिलं तर ओठांचं काय होईल! मग अरेंजर ते एक सप्तक खाली आणतो. खाली आणलं की सगळी गर्दी खर्जात, नुसती गुरगुर. म्हणून खालचे सूर लांब लांब ठेवायचे, जवळजवळचे वर. शिवाय गजाला कुठे दम लागतो? फुंकणाऱ्याला लागतो. एकच ओळ दोघांना द्यायची, एकानं श्वास घ्यायचा तेव्हा दुसऱ्यानं सूर धरायचा. आणि ती सरकती स्लाइड, सात जागा तिच्या! पहिलीवरून सातवीवर भरभर जायचं म्हणजे खांदाच निखळायचा. शहाणा अरेंजर आधीच पट्टी बदलतो. संथ, भारदस्त काही असेल तर काय शोभतं म्हणून सांगू! उगाच भिरभिरणारं घेतात ना, ते मला नाही पटत, पण आपण कोण बोलणार…

तर काय सांगत होते? हां, बेथोव्हेन. १८१२मध्ये लिंत्सला का गेला होता? भावाचं प्रकरण मोडायला! तो योहान हो, औषधांच्या दुकानाचा. घर सांभाळणाऱ्या थेरेसेवर त्याचा जीव जडलेला. थोरले बंधू बिशपकडे गेले, पोलिसांकडे गेले… आणि योहाननं काय केलं? नोव्हेंबरात लग्न लावून मोकळा! बंधूंचं तोंड पाहण्यासारखं झालं असणार. त्याच मुक्कामात तिथल्या कॅथेड्रलचे संगीतप्रमुख ग्लॉगल यांच्यासाठी चार ट्रॉम्बोनच्या तीन छोट्या रचना करून दिल्या त्यानं. 'इक्वाली' म्हणतात त्यांना. नुसते ट्रॉम्बोन, दुसरं कुणी नाही!

पुढचं ऐका. १८२७मध्ये बेथोव्हेन गेला, तेव्हा झायफ्रीड नावाच्या संगीतकारानं त्यातल्या दोन घेऊन 'मिझेरेरे' या प्रार्थनेचे शब्द बसवले आणि पुरुषांच्या आवाजांना गायला दिल्या. म्हणजे ट्रॉम्बोनचं उचलून गाणाऱ्यांना दिलेलं चालतं, आणि ट्रॉम्बोननं व्हायोलिनचं घेतलं की मात्र यांच्या कपाळाला आठ्या! मी सरळ बोलून दाखवलं त्या व्हायोलिनवालीला. एवढंसं तोंड झालं हो तिचं.