रंगाचा बेरंग

डोंबिवलीकराला रंगांचं कौतुक सांगू नये. हिरवा पाऊस पाहिलेली माणसं आहोत आम्ही. 2014 च्या जानेवारीत अवेळी सर आली आणि एमआयडीसीच्या बाजूला गाड्यांच्या टपांवर, गच्चीतल्या पत्र्यांवर, वाळत घातलेल्या गंजिफ्रॉकांवर हिरवे थेंब उमटले. हवेत तरंगणारी रंगाची भुकटी पावसाबरोबर खाली आली, असं तेव्हा सांगण्यात आलं. बाकीच्या महाराष्ट्रात आधी पाऊस पडतो, मग हिरवळ उगवते. आमच्याकडे मधली पायरी गाळली. पुढे 2020 च्या फेब्रुवारीत इथलाच एक रस्ता गुलाबी झाला.

त्या गुलाबी रस्त्याचं भाग्य थोर. त्याला पाहायला खुद्द मुख्यमंत्री आले. त्याच परिसरातले खड्डे बघायला या म्हणून आमच्या सोसायटीने इतके अर्ज केले आहेत की पोचपावत्यांनी दोन खड्डे बुजले असते. खड्ड्यांसाठी कोणी फिरकलं नाही. रस्ता गुलाबी झाला आणि सरकारी गाड्यांची रांग लागली. त्या दिवशी आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रदूषण सरकारला डोळ्यांनी कळतं, नाकाने नाही.

नाकाचा अनुभव आम्हाला आहे. पावसाळ्यातली रात्र, अडीचचा सुमार, वीज गेलेली. एकदम घशात काटे टोचल्यासारखं झालं. हिने उठून खिडक्या लावल्या, मुलांच्या तोंडावर ओले रुमाल टाकले आणि आम्ही संबंधित कार्यालयाला फोन लावला. (संबंधित हा शब्द फार सोयीचा आहे. त्याचा कोणाशीच संबंध नसतो.)

"वास कसला येतोय?" पलीकडून जांभई.

"उग्र."

"उग्र असा रकाना नाही. सडक्या अंड्यासारखा, कोबीसारखा, की कडू बदामासारखा?"

आम्ही हिला विचारलं. ती म्हणाली, एकदा त्यांनाच बोलवा आणि हुंगवा.

"वारा कुठून कुठे?"

हिने बोट ओलं करून खिडकीबाहेर धरलं. बोटाची आग झाली, पण दिशा कळली नाही.

"बरं, रंग काही दिसतोय का?"

"अंधार आहे हो."

"मग सकाळी माणूस पाठवतो."

सकाळी साडेअकराला माणूस आला. तोवर वास गेला होता. वासाची ही एक वाईट खोड. पंचनाम्याला थांबत नाही. त्या माणसाने चहा घेतला, दीर्घ श्वास घेतला आणि 'आढळून आले नाही' असं लिहून नेलं. घशाच्या डॉक्टरांना मात्र आमच्याकडे नेहमी काहीतरी आढळतं.

रंगाचं तसं नाही. रंग थांबतो, फोटोला उभा राहतो. 2017 च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळी कुत्री हिंडू लागली. पंचतंत्रातला कोल्हा नीळ कालवलेल्या पिंपात पडला आणि जंगलाचा राजा झाला. तळोज्याची कुत्री अन्नाच्या शोधात कासाडी नदीच्या पाण्यात उतरली आणि नुसतीच बातमी झाली. पण बातमी केवढी! त्यांची छायाचित्रं जगभर पोचली आणि त्याच महिन्यात एक कारखाना बंद करण्याचा आदेश निघाला. कासाडीकाठचे मच्छीमार कितीतरी आधीपासून जाळ्यात मासळी लागत नाही म्हणून ओरडत होते. पाण्याचा नमुना तपासला तेव्हा बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजताना खाते तो प्राणवायू) लिटरला 80 मिलिग्रॅम निघाला होता. 6 च्या पुढे मासळीचा जीव गुदमरतो. पण बीओडी दिसायला कसा असतो हे कोणाला ठाऊक? मेलेली मासळी चंदेरीच असते, तशी ती जिवंतपणीही असते. त्यात बातमी काय? मच्छीमारांनी एकदा स्वतःच नदीत बुडी मारून निळं व्हायला हवं होतं.

प्रदूषण दाखवून देण्याची ही जबाबदारी जनावरांवर पूर्वीपासून आहे. जपानात मिनामाटाच्या खाडीत कारखान्याचा पारा उतरला, तेव्हा मासे खाऊन तिथली मांजरं वेड्यासारखी नाचू लागली. रोगाची अधिकृत नोंद 1956 सालची. कारखान्याच्या सांडपाण्यानेच तो होतो हे सरकारने मान्य केलं 1968 साली. बरोबर एक तप. मांजरं निळी असती तर बारा वर्षं कशाला लागली असती?

आता कोणी म्हणेल, प्रदूषण नियंत्रणवाल्यांना रंगांचं वावडं आहे की काय? छे, उलट. त्यांचा सगळा कारभार रंगांवरच चालतो. घातक उद्योग लाल, त्याखालोखाल नारिंगी, मग हिरवा. 2016 साली त्यात पांढरा आला आणि 2025 साली केंद्रीय मंडळाने निळाही आणला. हा निळा अत्यावश्यक पर्यावरण सेवांसाठी, म्हणजे कचरा-सांडपाण्याची विल्हेवाट लावणाऱ्यांसाठी. तळोज्याच्या कुत्र्यांनी ही सेवा आठ वर्षं आधीच, विनापरवाना आणि विनामोबदला, योग्य त्या गणवेशात बजावली होती, याची कोणी दखल घेतलेली दिसत नाही.

रंगांशिवाय गुणही आहेत. 2009 साली केंद्राने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची गुणपत्रिका काढली. 70 च्या वर गेला तो अतिप्रदूषित. चंद्रपूर 83.88, डोंबिवली 78.41. आमच्या गावात 78 टक्के मिळवलेल्या पोराला आई-बाप नातेवाइकांसमोर आणत नाहीत, हे इथे नमूद केलं पाहिजे. अंकलेश्वरला 88.50 पडले म्हटल्यावर तर आमची मानच खाली गेली. पण खरी जिद्द तारापूरची. 2009 ला काठावर, 72.01. पोरगं खचलं नाही. 2018 च्या परीक्षेत 93.69 गुण मिळवून देशात पहिलं आलं. तिथे क्लास कोणाचा लावला होता, याची चौकशी आमच्या सोसायटीतले दोन पालक अजून करताहेत.

स्फोटांबद्दल या सदरात विनोद करता येत नाही. 26 मे 2016 ला आमच्याकडे कारखाना उडाला, बारा माणसं गेली, किलोमीटरभर लांबच्या खिडक्यांचा चुरा झाला. 23 मे 2024 ला पुन्हा तेच. मे महिना आला की आमच्या काचवाल्याकडे लोक सहज डोकावून जातात. स्फोटाला रंग असतो, आवाज असतो, त्यामुळे मंत्री त्याच दिवशी येतात आणि धोकादायक कारखाने हलवण्याची घोषणा होते. घोषणा हलत हलत दरवेळी आणखी लांबच्या ठिकाणापर्यंत जाते. कारखाने आहेत तिथेच.

हा सगळा अनुभव गाठीशी बांधून आम्ही सरकारला एक साधी सूचना केली. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन मिसळतात. भोपाळची मिथाइल आयसोसायनेट बिनरंगाची, मिनामाटाच्या माशांतला पारा बिनरंगाचा, बेंझीन बिनरंगाचं. मग यांना रंग मिसळण्याची सक्ती का नको? बेंझीन मोरपंखी, पारा चिंतामणी, क्लोरीन थोडी पिवळसर असतेच, तिला ठसठशीत हळदी करावं. नाहीतरी नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग वर्तमानपत्रं छापतातच. कारखान्यांनी त्याच क्रमाने सोडलं तर 8.30 च्या लेडीज डब्याला साडीशी जुळणारा नालाही मिळेल. टँकरवाल्यांना तेवढी ताकीद द्यावी लागेल, कारण ते रात्री खाली करतात आणि अंधारात मोरपंखी नि जांभळा सारखाच दिसतो.

सूचनेला उत्तर आलं नाही. आम्हीही विसरलो होतो, पण मध्यंतरी मेव्हण्याकडे खेडला जाणं झालं. मेव्हणा शिक्षक आहे, म्हणजे सुट्टीत हाताशी माणूस सापडला की शिकवतो. लोटे-परशुरामची एमआयडीसी त्याच्या घरापासून फार दूर नाही. तिथल्या एका ओढ्यावजा नदीचं नाव सोनपात्रा. नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवलं तेव्हा ते पाण्याकडे बघूनच ठेवलं असणार. खालच्या अंगाला दाभोळच्या खाडीत मासळी मेल्याची बोंब भोई मंडळी वर्षानुवर्षं मारताहेत. कोकणात शिमग्याला बोंब मारायचे दिवस ठरलेले असतात. यांना बारमाही परवानगी आहे.

मेव्हणा म्हणाला, "भावोजी, तुमचे रंग जुने झाले. आमच्याकडे आता फॉरेनचा माल आलाय."

मग त्याने सांगितलं ते असं. इटलीत विचेंझाजवळ त्रिस्सिनो गावी मिटेनी नावाचा कारखाना होता. पीएफएएस नावाची रसायनं बनवायचा. तव्याला डोसा चिकटू नये, रेनकोटवर पाणी थांबू नये, याकरता ती लागतात. त्यांच्यातली कार्बन आणि फ्लोरीनची गाठ इतकी पक्की की निसर्गाला ती सुटता सुटत नाही. कारखान्यातून ती भूजलात उतरली आणि सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्यात गेली. पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. कळलं तोवर ती लोकांच्या रक्तात होती. यांतल्या पीएफओएमुळे कॅन्सर होतो, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2023 साली शिक्का मारला. कारखाना 2018 ला दिवाळं काढून बंद पडला. 2025 च्या जूनमध्ये तिथल्या न्यायालयाने त्याच्या अकरा जणांना मिळून 141 वर्षांची शिक्षा ठोठावली. शिमगा सरला तरी कवित्व उरतं, तसं पाण्यातलं उरलं आहेच.

"आणि यंत्रं?" आम्ही विचारलं. मराठी मध्यमवर्गीय माणूस भंगाराची चौकशी आधी करतो.

"लिलावात निघाली. एका भारतीय कंपनीने घेतली. आता इथे लोट्याला उभी आहेत."

आम्हाला भरून आलं. ज्या भूमीसाठी परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, तिथेच हे यावं, हा निव्वळ योगायोग नव्हे. परशुराम सात चिरंजीवांपैकी एक. मार्कंडेयाला धरलं तर आठ. पीएफएएसला जगभर कधीच न संपणारी रसायनं म्हणून ओळखतात. म्हणजे नववा चिरंजीव वडीलधाऱ्याच्या दारी आला, एवढंच. बाकीच्या आठांनी कोणाच्या मूत्रपिंडाला कधी त्रास दिल्याचं ऐकिवात नाही, पण ते त्यांचं तप.

इथे काही सांडलं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. म्हणण्यासाठी मोजावं लागतं, आणि मोजून उपयोग व्हायला आधी मर्यादा ठरवावी लागते. अमेरिकेने 2024 साली पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओएसाठी ती लिटरला 4 नॅनोग्रॅम अशी ठरवली. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यासाठी ती ठरलेली नाही, त्यामुळे ओलांडलीही जात नाही. कायद्याच्या बाबतीतही आपण त्या इटलीवाल्यांसारखे मागासलेले नाही. आपल्या संसदेने 2024 मध्येच जलप्रदूषणाच्या कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांमधली कैद काढून 10 हजार ते 15 लाखांचा दंड ठेवला. 141 वर्षं म्हणजे कोणाच्या आयुष्याशी खेळ झाला!

मेव्हण्याने विहिरीचं पाणी शेंदलं आणि पाहुण्यांसाठी ठेवणीतल्या काचेच्या पेल्यात भरून पुढे केलं. नितळ, थंडगार. आम्ही डोंबिवलीकर, सवयीने पेला उजेडाकडे धरला. पलीकडचं फणसाचं झाड स्पष्ट दिसत होतं, पान न् पान.

"कसला रंग दिसतोय?" मेव्हण्याने विचारलं.

"काहीच नाही रे."

"मग घ्या की."

आम्ही पेला तसाच धरून बसलो. हिने तेवढ्यात आपला संपवला होता आणि दुसरा मागितला.