सरखेल

आमच्या साडूंना घरात सगळे 'सरखेल' म्हणतात. मूळ गाव अलिबाग, समोर कुलाब्याचा किल्ला, आणि कान्होजी आंग्र्यांची ती पदवी. त्यात ह्यांना गेली पंचवीस वर्षं रात्रीचं जेवण झालं की कॉम्प्युटरवर अंतराळात आरमार लढवायची सवय. त्यामुळे पदवी मागावी लागली नाही, चालून आली. दिवसा ते एका बँकेत शाखाधिकारी असतात. टाचणी कागदाला आडवी लावावी की तिरकी, ह्यावर त्यांचं ठाम मत आहे आणि ते शाखेतल्या शिपायाला पाठ आहे.

मराठीत उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची टिंगल करायची रीत आहे. सरखेलांचं उलटं. ते उंटावरून उतरतात, एकेका शेळीचा कान धरतात आणि विचारतात, "पाला चावून खाल्लास ना?"

१९९९ साली 'होमवर्ल्ड' नावाचा गेम आला तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. मधोमध उभ्या केळ्यासारखं दिसणारं एक अवाढव्य मदरशिप, आणि भोवती आपण एकेक करून बांधलेली चिमुकली लढाऊ यानं. खराक नावाचा ग्रह शत्रूने जाळलेला असतो आणि उरलेली माणसं आपल्या मूळ घराच्या शोधात निघालेली असतात. ते सगळं पाहून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. सरखेलांचं लक्ष इंधनाकडे. कारण त्यातल्या छोट्या यानांचं इंधन संपायचं आणि ती परत आणून भरून घ्यावं लागायचं. घरातलं कोणी स्कूटर काढली की "पेट्रोल बघितलंस का?" असं गॅलरीतून ओरडणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

शिवाय रचना होत्या. डेल्टा, वॉल, क्लॉ, स्फिअर. यानांचे गट पाडून एकेका गटाला कीबोर्डवरचा एकेक आकडा देता यायचा. सरखेलांनी त्यासाठी फुलस्केप वही घातली होती. ती मी स्वतः पाहिली आहे. लाल शाईत एक नोंद अशी : 'गट ३ – डावीकडचा नेहमी मागे राहतो. समज द्यावी.'

तो ताईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, संसारातला सुवर्णकाळ. सरखेलांची सगळी देखरेख अंतराळातच संपून जायची. घरात कोणी आमटीत मीठ दोनदा घातलं तरी ते निमूट जेवायचे आणि 'गट ३'कडे परत जायचे.

मग गेम बनवणाऱ्यांना उपरती झाली. तशी ती बरोबरच होती. माणसाला डोळे दोन, माउस एक. यानं चाळीस, आणि तीही खाली-वर कुठेही जाणारी. लढाई राहते बाजूला आणि खेळणारा नुसता हमाल होतो. म्हणून २००३च्या 'होमवर्ल्ड २'मध्ये लढाऊ यानं सुटी मिळेनाशी झाली. इंटरसेप्टर पाचाच्या तुकडीनेच बांधायचे, तुकडीलाच हुकूम द्यायचा. इंधनाची भानगडही नाही. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सरखेल मात्र घायाळ.

"पाच जणांना मिळून एक हुकूम? मग चुकलं कोण हे कळायचं कसं?"

त्याच आठवड्यात त्यांनी दूध तापवताना ताईच्या मागे उभं राहायला सुरुवात केली.

२००८ साली 'सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर' आला. त्यात तर जहाजाच्या एखाद्या करामतीवर उजवं बटण दाबलं की ती करामत कधी वापरायची हे जहाज आपलं आपण ठरवायचं. सरखेल खेळायला बसले की आधी प्रत्येक जहाजाची ही स्वायत्तता काढून घेत. "ते ठरवणार तर मी इथे काय वरण ढवळू?" असं ते तेव्हा म्हणाल्याचं मला चांगलं आठवतं. ते ऐकून आम्ही हसलो होतो.

एकदा मी धीर करून म्हटलं, "अहो, खऱ्या सरखेलांनी असं केलं असतं का? गुराबा-गलबतं एकदा भर समुद्रात पांगली की प्रत्येकाच्या कानाशी लागणार कोण? हुकूम आधी द्यायचा, पुढचं तांडेलावर सोडायचं."

सरखेलांनी स्क्रीनवरची नजर न हलवता उत्तर दिलं, "त्यांच्याकडे माउस नव्हता."

पुढे जे झालं त्यात दोष माझा. २००९ साली 'ग्रॅच्युइटस स्पेस बॅटल्स' नावाचा गेम निघाला होता. त्यात हुकूम काय ते लढाईआधी द्यायचे. एकदा तोंड लागलं की खेळणाऱ्याने नुसतं बघायचं. मला वाटलं, हेच औषध. वाढदिवसाला भेट दिला. सरखेलांनी आरमार मांडायला साडेतीन तास घेतले. कोणी कोणाला आधी मारायचं, किती अंतर राखायचं, कोणी कोणाच्या पाठीशी राहायचं. त्यात 'गिधाड' असाही एक हुकूम आहे, म्हणजे जखमी जहाजावर तुटून पडायचं. तो त्यांनी तीन जहाजांना दिला, पण भिडेखातर. अखेर सुरू करायचं बटण दाबलं.

बायको गाडी चालवत असताना शेजारी बसलेला नवरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचं दृश्य सांगायला नको. दोन्ही हात मांड्यांखाली. उजवा पाय नसलेला ब्रेक दाबतोय. "अरे सरक! सरक मेल्या!" मध्येच हात सुटला आणि माउस कडाकडा वाजला, पण त्याने फक्त कॅमेरा फिरला. आठ मिनिटांत लढाई संपली. सरखेल जिंकले. मी टाळ्या वाजवल्या. ते बराच वेळ तसेच बसून राहिले, मग म्हणाले, "जिंकलो खरा, पण कोणाला बोलायला तोंडच राहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी ताईच्या साड्या रंगांप्रमाणे लावल्या. गटवार.

आता लेक कॉलेजात आहे आणि ती 'स्टेलॅरिस' खेळते. तो २०१६चा. त्यात लढाई जुंपली की माघारीखेरीज सांगण्यासारखं फारसं उरत नाही, आणि २०१८पासून बुडालेल्या जहाजांची भरपाईसुद्धा एका बटणावर. लेक आरमार पाठवते आणि मॅगी करायला जाते. सरखेलांनीही शिकून घेतलं, पण त्यांच्या पद्धतीने. हुकूम देता येत नाहीत ना, मग नावं तरी देता येतात. प्रत्येक जहाजाला त्यांनी सासरच्या माणसांची नावं दिली. माझ्या नावाचं जहाज आतापर्यंत चार वेळा बुडालं, आणि दर वेळी त्यांनी मला फोन करून कळवलं. 'बेशिस्तपणामुळे' हा शब्दही न विसरता.

गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. हॉलमध्ये शंभरेक जहाजं आपापली लढत होती. सरखेल थोडा वेळ बसले, मांडीवर बोटं वाजवली, आणि उठून स्वयंपाकघरात गेले. आतून आवाज यायला लागला.

"डावीकडून करपतेय. उलट. नाही, थांब, अजून दोन सेकंद. आता! अगं, ही मागे राहिली बघ."

गॅस बंद झाल्याचा आवाज आला. ताई पदराला हात पुसत बाहेर आली आणि लेकीला म्हणाली, "तो केळ्यासारखा गेम होता ना गं, लग्नानंतरचा? अजून मिळतो का बघ."

"मिळतो की. २०१५मध्ये नवा करून काढलाय, जुनाही बरोबर देतात. नवा छान आहे आई, त्यात इंधन संपत नाही."

"नवा नको," ताई म्हणाली. "संपणाराच बघ."