संकल्पाचे मुहूर्त

मार्गशीर्षाची थंडी पडली की कोथरूडमधल्या काही पन्नाशीच्या गृहस्थांच्या अंगात सायकल येते. त्यांतले एक आमच्याच इमारतीत राहतात.

31 डिसेंबरला लोक पार्टीला जातात, हे एक्सेल उघडून बसतात. "यंदा दहा हजार किलोमीटर!" हा आकडा पायांना विचारून ठरवलेला नसतो, गोल दिसतो म्हणून ठरवलेला असतो. भागिले 365 केलं की रोजचे 27.4 निघतात. "हात्तिच्या! स्वारगेटला दोनदा जाऊन आलं की झालं." स्वारगेटला सायकलने एकदा तरी जाणारा माणूस असं बोलणार नाही, पण यांना सांगणार कोण?

सायकल मात्र अस्सल आहे. किंमत घरात निम्मी सांगितली आहे. तिला स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटासुद्धा नाही. "अहो, एवढ्या पैशांत कॅरिअरही देत नाहीत का? दळण ठेवायचं कुठे?" असं वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारलं. वजन वाचवण्यासाठी हे सगळं काढतात, असं उत्तर मिळालं. सायकल नऊ किलोची आहे. बाकीच्या वजनाचा विषय त्या घरात निघत नाही.

जानेवारीचा पहिला आठवडा हवा भरण्यात गेला. या चाकांचा व्हॉल्व्ह काडीसारखा बारीक असतो. आधी टोपी काढायची, मग टोकाची इवलीशी चकती उलटी फिरवून सैल करायची, एकदा दाबून फुस्स करायचं आणि मगच पंप लावायचा. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड त्यावर बसेना. "साहेब, हवा घ्यायची इच्छा दिसत नाही हिची," एवढं बोलून तो रिक्षाच्या ट्यूबकडे वळला. मग अॅडॅप्टरचा शोध. त्या शोधात बरंच अंतर कापलं गेलं, पण स्कूटरवरून. ते एक्सेलमध्ये धरता येत नाही.

मग एकदाचा सिंहगड ठरला. गोळेवाडीपासूनचा चढ नऊएक किलोमीटरचा. दम लागला की आधी मोबाइलवरचं स्ट्राव्हा थांबवायचं, मग ब्रेक दाबायचा, हा यांचा क्रम. त्यामुळे सरासरी वेग सुरेख येतो. वर पिठलं-भाकरी, दही, पुन्हा दही. खर्च झालेल्या कॅलरीही मोबाइल सांगतो, आणि त्याच्यावर यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

मार्चअखेर चारशे किलोमीटर झाले. उरलेलं अंतर उरलेल्या दिवसांवर वाटलं तर रोजचे 34.9! दुसरा असता तर खचला असता. यांना त्याच दिवशी साक्षात्कार झाला, की एक जानेवारी हा साहेबाचा नववर्षदिन. आपलं वर्ष पाडव्याला सुरू होतं. नवी शीट उघडली. उन्हाळ्यात ऊन होतं, पावसाळ्यात पाऊस होता, गणपतीत मांडव होते. (मांडव खरोखरच रस्त्यात होते, तेवढं मी मान्य करतो.)

दिवाळीच्या सुमारास कळलं, की ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांचं वर्ष 1 नोव्हेंबरला सुरू होतं. हे तर फारच सोयीचं! 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. जेवण, झोप, पंक्चर सगळं त्याच वेळात. एका हंगामात चारही केलं की 'सुपर रँदोनर'. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 साली रेस अॅक्रॉस अमेरिका पुरी केली. "दोघेही डॉक्टर, बरं का! दवाखाना सांभाळून," हे आमचे शेजारी असं सांगतात, की जणू तेव्हा वाटेत पाण्याच्या बाटल्या यांनीच भरून दिल्या होत्या.

खऱ्या 200च्या पहाटे पाचला गजर झाला, पण गार वारा होता. गार वाऱ्याने गुडघा धरतो, असं त्यांनी मला दहा वाजता पोहे खाताना सांगितलं.

आता डिसेंबर पुन्हा लागला आहे आणि लक्ष्य आणखी वर गेलं आहे: 2027 ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. 1200 किलोमीटर, 90 तास, चार वर्षांतून एकदा. म्हणजे हुकली तर थेट 2031 ची तयारी. व्हिसाचे कागद पाहून ठेवले आहेत. वाटेत गावकऱ्यांशी बोलता यावं म्हणून फ्रेंचचा क्लासही लावला आहे. क्लास डेक्कनला आहे, घरापासून जेमतेम चार किलोमीटर. स्कूटरवरून जातात.