सिस्टर गेल्या कुठे?

बेल दाबून अर्धा तास झाला तरी सिस्टर येत नाहीत, ही नातेवाइकांची लाडकी तक्रार. अहो, त्या वाटेत आहेत. सलाईन स्टोअरमध्ये, स्टोअर लिफ्टच्या पलीकडे, चादरी खालच्या मजल्यावर. आणि हात धुवायचं बेसिन पेशंटच्या पलंगामागे, तुमच्याच जेवणाच्या डब्यांनी अडवलेलं. तळमजल्यावर मात्र सगळं हाताशी: संगमरवर, गणपती, कॉफी, बिलाची खिडकी. बिलाची खिडकी सापडेना म्हणून कुणी भटकल्याचं ऐकिवात नाही.

अमेरिकेतल्या 36 रुग्णालयांतल्या 767 नर्सच्या वेळेचा हिशेब 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. दहा तासांच्या दिवसपाळीत नर्सची चाल होती साधारण दीड ते आठ किलोमीटर. कामाच्या वेळातला एक तृतीयांशाहून जास्त वेळ नोंदी लिहिण्यात. औषधं देणं वेगळं धरलं, तर प्रत्यक्ष शुश्रूषेच्या वाट्याला पाचवा हिस्सासुद्धा नाही. आपल्याकडची रजिस्टरं मोजायची तर त्यासाठी एक जादा नर्स नेमावी लागेल.

हे दुखणं जुनंच आहे. 1853 मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरचं छोटं रुग्णालय ताब्यात घेताना फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी काय मागितलं? प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी, जेवण वर खेचून घ्यायला लिफ्ट आणि कुठल्या पेशंटने बोलावलं ते दाखवणाऱ्या घंटा. नर्सला आपला मजला सोडावा लागू नये, एवढाच हट्ट. आपण दर 12 मेला त्यांच्या नावाने दिवा लावतो, सिस्टरांना गुलाब देतो. दिवा घेतला, नळ राहिला.

पुढे त्यांनी पुरस्कार केला तो लांबलचक वॉर्डाचा: दोन्ही बाजूंना खिडक्या, तिशीच्या आसपास खाटा, एका नजरेत सगळे पेशंट. आपल्या जुन्या सरकारी रुग्णालयांत असे हॉल अजून दिसतात. तिथे खासगीपणा शून्य, शेजारच्याचा खोकला फुकट. म्हणून स्वतंत्र खोल्या आल्या. संसर्ग आटोक्यात राहतो, पेशंटला झोप लागते, हे खरंच. पण प्रत्येक नव्या दारामागे कॉरिडॉर लांबतो आणि सिस्टरांची नजर भिंतीला आपटते. ज्याला डिलक्स रूम हवी, त्यालाच सिस्टर दोन मिनिटांत हव्या असतात!

उपाय काही रॉकेट उडवण्याचे नाहीत. दोन खोल्यांच्या मध्ये काचेची खिडकी आणि लिहायला छोटं टेबल. रोज लागणारं सामान खोलीतल्याच कपाटात. बेसिन दाराशी. नर्सच्या फेऱ्या मोजून वॉर्डांच्या नकाशांची तुलना करायची पद्धत येल विद्यापीठात साठेक वर्षांपूर्वीच बसवली गेली. आपल्याकडे नकाशा पास होताना पार्किंगच्या जागा मोजतात.

नर्स कमी आहेत, हे रडगाणं खोटं नाही. पण आहेत त्यांचेही तास आपण फरशीवर झिजवतो.

तेव्हा विश्वस्त मंडळी, नव्या इमारतीच्या नकाशावर आर्किटेक्टची सही घ्या, अग्निशमन दलाची घ्या, तुमची करा. बांधकाम सुरू करण्याआधी इन्चार्ज सिस्टरांना तासभर बसवा, हातात लाल पेन द्या आणि त्यांचीही सही घ्या.