आमच्यात तसं काही नाही

प्रेमविवाहाला आता घरून विरोध होत नाही, असं सगळे म्हणतात. खरंच आहे. आता फक्त तोंडी परीक्षा होते. मुलीनं "एकाला घरी घेऊन येते" एवढं सांगितलं की कोथरूडमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावर पडदे धुवायला निघतात, बाबा भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि एरवी दिवाळीशिवाय न उगवणारी आत्या 'सहज' म्हणून सकाळपासून येऊन बसते.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. हयात कर्जाच्या अर्जांवर शेरे मारण्यात गेली, त्यामुळे समोरचा सोफ्याच्या किती टोकावर बसलाय यावरून त्याची पत ओळखतात. मुलगा हिंजवडीत नोकरीला, मूळ लातूरचा. तो अगदीच टोकावर होता. त्याला आधीच तंबी मिळालेली: बाबांसमोर मोबाइल काढायचा नाही, आईनं पुन्हा पोहे वाढले तर नको म्हणायचं नाही आणि तिसऱ्यांदा घ्यायचे नाहीत.

"आमच्यात तसं काही नाही हं," बाबांनी सुरुवात केली. "जातपात आम्ही अजिबात मानत नाही." विषय कुणीच काढला नव्हता. पण हे वाक्य बोलून बाबांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, कारण पुढचे दोन तास त्यांना तेवढंच जाणून घ्यायचं होतं आणि आता सरळ विचारायची सोय उरली नव्हती.

तशी आडनावावरून सोय होते. पण पोरगं निघालं पाटील! पाटीलकी हे गावच्या कारभाराचं पद, त्यामुळे पाटील मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत, जैनांत आहेत, आगरी-कोळ्यांत आहेत, लेव्यांतही आहेत. सरकारनं १९६२ साली कायदा करून महसुली पाटीलकी मोडीत काढली, आडनाव मात्र तसंच ठेवलं. भावी सासऱ्यांची एवढी गैरसोय दुसऱ्या कुठल्या कायद्यानं केली असेल असं वाटत नाही.

मग बाबा आडवळणानं निघाले. "कुलदैवत कोणतं म्हणालात?"

"तुळजाभवानी."

बाबांचा चेहरा उतरला. निम्म्या महाराष्ट्राची तुळजाभवानीच. तेवढ्यात मुलानं उत्साहानं भर घातली, "देव्हाऱ्यात खंडोबाही आहे, काका." झालं, उरलेला निम्माही आत आला.

"आमटीत गूळ घालता?"

"आई घालते. मला आवडत नाही."

"खाण्यापिण्याचं कसं?"

"सगळं चालतं. सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून."

"तुमच्याकडच्या लग्नांत जेवण... म्हणजे पद्धत कशी असते?"

"बुफे."

पत्रिका मागवावी, तर बाबा तीही मानत नाहीत. एकदा मानून पाहायला हरकत नव्हती. गुणमेलनात ३६ गुण असतात, १८ मिळाले की पास. त्यात नाडीला ८ आणि वर्णाला फक्त १, तोही राशीवरून ठरणारा, आडनावावरून नव्हे. म्हणजे वर्णात भोपळा मिळाला तरी उमेदवार ३५ गुणांपर्यंत जाऊ शकतो. पंचांगवाले बाबांपेक्षा कितीतरी सुधारक निघाले!

कायदा तर अगदीच भोळा. १९५४च्या विशेष विवाह कायद्याला एवढंच हवं असतं की दोघांचं वय बसतंय, डोकं ठिकाणावर आहे, आधीचं लग्न अजून कायम नाही आणि दोघं निषिद्ध नात्यातले नाहीत. नोटीस ३० दिवस कचेरीत लागते, हरकत घ्यायची तर या अटींवरच घ्यावी लागते. 'मुलगा नेमका कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही' ही हरकत तिथे चालत नाही.

मध्येच आईनं विचारलं, "स्वयंपाक येतो का रे तुला?" पोरगा म्हणाला, "कुकर लावतो. पोळ्या नाही जमत." त्या दुपारी विचारलेला हा एकमेव कामाचा प्रश्न. मुलीचं पुढचं सगळं आयुष्य त्याच्या उत्तरावर अवलंबून होतं. पण बाबांनी "अगं, शिकेल तो" म्हणून तिला गप्प केलं आणि पुन्हा लातूरकडे वळले. शहरात कुठली गल्ली, गल्लीत कुठला वाडा, वाड्यासमोर कुठलं देऊळ. लातूरच्या महापालिकेनंही एवढी मोजणी केली नसेल.

शेवटी मुलगा उठला, सगळ्यांच्या पाया पडला. बाबा लिफ्टचं बटण दाबायला पुढे गेले. आत्या मात्र ऐंशीच्या पुढची, तिला आडवळणं परवडत नाहीत. दारातच त्याचा हात धरून तिनं विचारलं, "बाळा, तुम्ही कोणत्यातले?" मुलानं हसून काहीतरी सांगितलं, चपला घातल्या आणि तो गेला.

दार लागताच बाबा आत्यावर उखडले. "असं तोंडावर विचारतात का कुणी? काय वाटलं असेल त्याला! आपण मानतो का हे सगळं?" मग स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून, आवाज खाली आणून, "काय म्हणाला?"

"मला कुठं ऐकू येतं रे," आत्या म्हणाली, "यंत्र घरीच राहिलंय."