अर्धी बंगई

दिवाळीच्या सुटीत भाची पुण्याहून आली ती एक पांढरा पायघोळ झगा, लेसची छत्री आणि एक मागणी घेऊन. "मावशी, मला पिरियड ड्रामा वाटेल असं काहीतरी दाखव ना. वाडा, बाग, जुनी बैठक. फोटो काढायचेत." वर्षभर पोरीनं मोबाइलवर दुसरं काही बघितलं नव्हतं. डाउनटन अ‍ॅबी म्हणजे हॅम्पशरमधला हायक्लेर कॅसल, १९९५ सालच्या प्राइड अँड प्रेज्युडिस मालिकेतलं पेम्बर्ली म्हणजे चेशरमधलं लाइम पार्क, हे तिला पाठ. रिसोड वाशीमच्या कोणत्या अंगाला, हे मात्र मला सांगावं लागलं.

आता जिल्ह्याच्या अब्रूचा प्रश्न होता. मी आधी मोठी तोफ काढली. म्हटलं, बाई गं, हे वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी, वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाच्या प्रधानानं, वराहदेवानं, अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं करवून घेतलं. राजशेखराच्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचं लग्न कुठं लागलं? या वत्सगुल्मात. तेही गांधर्व पद्धतीनं, म्हणजे मानपान नाही, रुसवे-फुगवे नाहीत. यापेक्षा रोमँटिक तुझ्या पेम्बर्लीत काय घडलं?

"मस्त! मग तो राजवाडा कुठाय?"

मी तिला पद्मतीर्थावर नेलं, बालाजीच्या देवळात नेलं. साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकात बांधलेलं देऊळ. दगडी काम बघून ती खूश झाली, पण झगा घालून देवासमोर उभं राहायची तिचीच हिंमत होईना. छत्री मिटूनच बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी कारंजा. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, दारव्हा वेस. नुसती नावं ऐकूनच भाचीला घोड्यांच्या टापा ऐकू यायला लागल्या. त्यात मी तिला कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट सांगितली. ती अशी सांगतात, की कस्तुरी विकणारा व्यापारी गावोगाव हिंडून थकला, एवढा माल घेणारा कुणी भेटेना. कारंज्याच्या सावकाराचं तेव्हा घराचं काम चाललं होतं. त्यानं सगळी कस्तुरी विकत घेतली आणि भिंतीच्या चिखलात कालवली. मला विचाराल तर यात श्रीमंतीपेक्षा वऱ्हाडी खुन्नस जास्त आहे. पण भाचीनं ही गोष्ट फारच मनावर घेतली. पेठेतली जी जुनी भिंत दिसेल तिला नाक लावून ती हुंगायला लागली. तिसऱ्या भिंतीपाशी एक गृहस्थ सायकलवरून उतरले आणि मला काळजीनं म्हणाले, "काय झालं बाई? गॅस लीक होऊन राह्यला काय?"

शेवटी मी ठरवलं, आजोळी जायचं. रिसोड तालुक्यात आईच्या चुलत्यांचा वाडा आहे. सागाचा दरवाजा, त्यात दिंडी, आत चौक, चारी बाजूंनी ओसरी, वर माळवद, भिंतीत बळद. आणि ओसरीवर बंगई. पुण्याकडच्यांसाठी सांगते, झोपाळ्याला आम्ही बंगई म्हणतो. पितळी कड्या, चार माणसं बसतील एवढी सागाची फळी. बंगईचं नुसतं वर्णन ऐकून भाचीनं झग्याला इस्त्री केली.

बागेचं म्हणाल तर वाड्यामागे परसबाग आहे. न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं केळ आणि कर्दळ, जिथं जात नाही तिथं सदाफुली आणि कढीपत्ता. भाची म्हणाली, इंग्रजी बागेत गुरं आत येऊ नयेत म्हणून कुंपणाऐवजी खोल चर खणतात, म्हणजे घरातून बघताना हिरवळ अखंड दिसते. आणि त्या चराला 'हा-हा' म्हणतात. हे खरं आहे, मी तपासलं. आमच्याकडे चर नाही, पण गोऱ्हा कर्दळीत शिरला की मामी काठी घेऊन धावतात आणि तोंडानं साधारण तेच म्हणतात.

झगा घालून भाची चौकात आली. थोरल्या मामींनी तिला खालून वर पाहिलं, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पोरगी घाईत आली वाटते. नुसत्या पेटीकोटावरच हाये. लुगडं नेसाचं राह्यलं काय वं?"

दिवाणखान्यात फोटो शक्य नव्हता. तिथं छतापर्यंत सोयाबीनची पोती होती. आश्विन-कार्तिकात वाशीम जिल्ह्यात रिकामा दिवाणखाना शोधणं म्हणजे पंढरीच्या वाटेवर आषाढीला रिकामी बस शोधणं. भाव पडलेला, म्हणून माल ठेवलेला. तरीही भाचीनं पोत्यांवर कोपर टेकून एक उदास मुद्रा करून पाहिली. फोटोत ती अडत्याची वाट पाहतेय असं दिसलं. झग्याला खालून वीतभर कुटार चिकटलं ते निराळंच.

राहिली बंगई. भाची धावत गेली, छत्री उघडली आणि मधोमध बसली. त्याबरोबर ओसरीच्या दोन्ही टोकांना दोन खाकरे ऐकू आले.

सांगायचं राहिलं. वाड्याची वाटणी झालेली आहे. थोरले मामा आणि धाकटे मामा यांच्यात ओसरीवरून चुन्याची एक रेघ गेली आहे, बोटभर रुंद, दर दिवाळीला नव्यानं ओढलेली. खांब मोजून वाटले, कोनाडे मोजून वाटले. बंगईवर मात्र पंचांचं एकमत होईना, म्हणून ती होती तिथंच राहिली. तिची एक बाजू थोरल्यांच्या तुळईला, दुसरी धाकट्यांच्या. बसणाऱ्यानं आपल्या बाजूला बसायचं. त्यामुळे ती कधी सरळ हलत नाही, तिरकी हलते आणि कुरकुरते. तेल घालायचं कुणी, हाही वाद आहे. दोघं भाऊ अकरा वर्षं बोलत नाहीत.

"हे असं कसं?" भाची म्हणाली. मी म्हटलं, तू बघतेस ते काय आहे मग? डाउनटन अ‍ॅबीची सुरुवात कशानं होते? वारस टायटॅनिकवर बुडाला, तीन मुली घरात, पण जमीन जाणार कुण्या लांबच्या पुतण्याला. प्राइड अँड प्रेज्युडिसमध्ये पाच मुली, आणि लाँगबोर्न जाणार त्या कॉलिन्सला. सगळी सातबाऱ्याची भानगड. तिकडे थोरल्याला सगळं आणि बाकीच्यांना लग्न किंवा लष्कर, म्हणून त्यांचे वाडे अखंड राहिले. पुढे वारसाकर झेपेना, तेव्हा १९३७ सालच्या कायद्यानं घर नॅशनल ट्रस्टला देऊन त्याच घरात राहायची सोय झाली. आता लोक तिकीट काढून बघतात. आपल्याकडे सगळ्यांना सारखा हिस्सा, २००५ पासून लेकींनाही, आणि तो असायलाच हवा. माझाही एका कोनाड्यावर दावा होऊ शकतो. फक्त मग वाड्याचं असं होतं. अगं, आमच्या जिल्ह्याचंही तेच झालं. इंग्रजांच्या वेळी बाशीम जिल्हा होता, १९०५ मध्ये अकोल्यात घातला, आणि १ जुलै १९९८ ला आम्ही हिस्सा वेगळा करून घेतला.

हे व्याख्यान चालू असताना थोरल्या मामींकडून चहा आला. लगोलग धाकट्या मामींकडूनही आला. एकीचा घेऊन दुसरीचा नाकारला असता तर माझं आजोळ संपलं असतं. भाचीनं रेघेवर बसून दोन्ही कप संपवले, आधी डावा, मग उजवा, आणि दोन्हीकडून विचारलेल्या "कोनाच्या हातचा बरा झाला?" या प्रश्नावर ती छत्रीआड गेली. डाउनटनच्या बटलरला असला प्रसंग कधी आला नसेल.

उन्हं उतरली, चौकात सोनेरी उजेड आला. भाची बरोब्बर मध्यावर बसली, झगा पसरला, मान किंचित कलती केली. मी मोबाइल धरला. तेवढ्यात थोरले मामा टोपी घालून येऊन त्यांच्या खांबाला टेकले. फोटोत आपली बाजू कमी यायला नको. ते बघून धाकटे मामा बनियनवरच धावत आले आणि आपल्या खांबाला टेकले. मी बटण दाबलं.

फोटो खरंच देखणा आला. मधे गोरी मडमिण, दोन्हीकडे खांबासारखे दोन म्हातारे, तिघांच्याही चेहऱ्यावर खानदानी दुःख. रात्री मी तो दोघांनाही पाठवला.

धाकट्या मामांचा सकाळी सहाला फोन. "फोटो झ्याक हाये. फ्रेम करून लावतो. फक्त डाव्या अंगचा कापून दे."

सव्वासहाला थोरल्यांचा आला. त्यांना उजव्या अंगचा कापून हवा होता.